मावशी जगो

विमानतळाच्या दारापाशी भिंगरी आजीचा हात धरून उभी होती. सामानाची गाडी ढकलत धाकटी बाहेर आली, तशी पोरीने हात सोडवला, न पळता चालत पुढे आली, धाकटीच्या कमरेला मिठी मारली आणि म्हणाली, "किती उशीर केलास!"

विमानाला खरंच उशीर झाला होता. "काय करणार बाई," धाकटी म्हणाली, "वर ढगांची ही गर्दी. वाटच देईनात."

सहा वर्षांची पोर हसली नाही. तिने धाकटीच्या ओढणीत नाक खुपसलं, मग मान वर करून तक्रारीच्या सुरात म्हणाली, "तुझा वास बदललाय."

तेव्हा धाकटीच्या लक्षात आलं, ही आपल्याशी बोलतच नाहीये.

भिंगरी ही ताईची मुलगी. ताईला जाऊन आठेक महिने झाले होते. सकाळी कामावर निघालेली बाई बसथांब्यावर उभ्या उभ्या कोसळली. मेंदूतली शीर फुटली, असं डॉक्टरांनी सांगितलं. अठ्ठावीस वर्षांची होती. दोघी बहिणींत नऊ वर्षांचं अंतर, पण चेहरेपट्टी अशी की एकीला झाकावं नि दुसरीला काढावं. तीच रुंद जिवणी, तेच दाट केस, पुढे झुकून घाईत असल्यासारखं चालणंही तेच. ताईच्या सासूबाईंनी, म्हणजे भिंगरीच्या आजींनी, माहेरी फोन केला होता: "पोर झुरतेय हो. धाकटीला धाडा थोडे दिवस." आईबाबांनी आढेवेढे न घेता हो म्हटलं. थोडे म्हणजे किती, हे धाकटीने विचारलं नाही. बाकी सगळ्यांना ते ठाऊक होतं.

भाऊजी, ताईचे यजमान, लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. अबोल माणूस. त्यांनी धाकटीच्या दोन्ही बॅगा उचलल्या, "प्रवास बरा झाला ना?" असं विचारलं आणि उत्तर ऐकताना बॅगांच्या चाकांकडे पाहत राहिले.

घर टायर दुरुस्तीच्या दुकानावर होतं, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. खालून रबराचा वास आणि हवा भरायच्या यंत्राचा फुसफुस आवाज दिवसभर वर यायचा. दारामागच्या खुंटीवर ताईचा तपकिरी कोट तसाच होता. दुसऱ्या दिवशी धाकटी शाल गुंडाळून बाहेर निघाली, तेव्हा आजी म्हणाल्या, "या थंडीला शाल काय पुरणार? तो घाल की. चांगला धडका आहे, नवा कशाला घ्यायचा?"

कोट तिला असा बसला, जणू माप घेऊन शिवलेला. कॉलरला एक तीव्र वास होता, पाण्याच्या टाकीत पावडर टाकतात तसला. ताई लॉन्ड्रीत कामाला होती, तेव्हा तो तिथलाच असणार असं तिने धरलं.

कोट अंगात घालून ती रस्त्यावर आली आणि पहिल्याच फेरीत तिला कळून चुकलं की या गावात आपण नवीन नाही. पावाच्या दुकानदाराने न विचारताच दोन लांब पाव कागदात गुंडाळून पुढे केले. बसच्या ड्रायव्हरने मान हलवली. पहिल्या मजल्यावरची म्हातारी जिन्यात समोरासमोर आली आणि तिच्या हातातली पिशवीच सुटली. बटाटे पायऱ्यांवरून टप टप खाली गेले. ते गोळा करायला धाकटी वाकली, तर म्हातारी भिंतीला पाठ लावून उभी. धाकटीने दिलेला एकही बटाटा तिने हातात घेतला नाही.

धाकटीने हे आजींना हसत हसत सांगितलं. आजी हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. "बरंच आहे की," त्या म्हणाल्या. "तुला इथे रुळायला वेळ लागणार नाही."

भिंगरी तिला आईच म्हणत राहिली. "मी मावशी आहे ना गं?" असं धाकटीने दोनचारदा सांगून पाहिलं. पोर एका पायावर गरगर फिरायची, म्हणूनच तिला भिंगरी म्हणत. फिरता फिरता थांबायची आणि मोठ्या माणसाने लहानाची समजूत काढावी तशी म्हणायची, "हो, हो." आणि पुन्हा आई.

एकदा सकाळी शाळेसाठी वेणी घालून घेताना ती म्हणाली, "काल दुपारी तू त्या खोलीत का उभी होतीस?"

"कुठल्या?"

"बाबांच्या. खिडकीजवळ. केस ओले होते तुझे."

"काल दुपारी मी तुझ्याबरोबर शाळेतून येत होते, ठमाबाई."

"त्याच्या आधी. मी आजारी होते ना, आजीने घरी ठेवलं होतं, तेव्हा." मग आठवून, "नाही, तेव्हा तू आली नव्हतीस अजून. तरी होतीसच."

दारात आजी उभ्या होत्या.  पोर शाळेत गेल्यावर त्या खुर्चीत बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मलाही न्हाणीत पंचा ओला सापडतो, अधूनमधून. भर दुपारी. कुणी आंघोळ केलेली नसते. तिचं काहीतरी राहून गेलंय बघ. जीव पोरीत अडकलाय. एकदा तुझं सगळं मार्गी लागलं की सुटेल."

"माझं काय मार्गी लागायचंय?"

आजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "घाई नाही. तुझ्या इथे राहायच्या परवान्याची मुदत आहे तोवर वेळ आहे."

धाकटी एवढी भोळी नव्हती. त्या दुपारी तिने आईला फोन लावला. "आई, तुम्ही मला इथे कशाला पाठवलंय ते स्पष्ट सांग."

 आईचा आवाज मऊ झाला. "बघ, माणूस निर्व्यसनी आहे, घर पाहिलेलं आहे. पोरीला परकी बाई सावत्रपणाने वागवेल, त्यापेक्षा... आमचा जीव किती भांड्यात पडेल, ताई!"

"मी ताई नाही."

"अगं तोंडातून निघून गेलं. कळलं ना तुला?"

तिला कळलं होतं. कळलं तरी करायचं काय, हे कळत नव्हतं. परतीचं तिकीट काढायचं तर कुणाच्या जोरावर, आणि तिकडे जाऊन आईबाबांना काय तोंड दाखवायचं? शिवाय रात्री पोर गळ्यात हात टाकून झोपायची, तो हात सोडवायचा कसा?

नुसतं घरात बसून भिंती अंगावर येतात म्हणून तिने कामाचा विषय काढला. भाऊजी म्हणाले, "लॉन्ड्रीत विचारतो. तिच्या जागेवर अजून कायमचं कुणी घेतलेलं नाही." आणि तिला ताईचीच जागा मिळाली.

हॉटेलांच्या चादरी आणि अभ्रे धुणारी ती लॉन्ड्री. एका बाजूला माणूस उभा मावेल एवढी धुण्याची यंत्रं, दुसऱ्या बाजूला वाफेचा लांबलचक रोलर. दोन बायकांनी चादरीची दोन टोकं धरायची, झटका देऊन सुरकुती काढायची आणि चादर रोलरच्या तोंडात द्यायची. दोघींचा झटका एकाच वेळी बसला पाहिजे, नाहीतर कापड तिरकं जातं आणि मुकादमबाई लांबूनच ओरडते. धाकटीची जोडीदारीण उंच, हाडापेराने मजबूत बाई होती. पहिल्या सकाळी तिने धाकटीला पाहिलं, हातातली चादर ट्रॉलीत टाकली आणि सरळ बाहेर निघून गेली. मुकादमबाईने तिला परत आणलं.

"तू तिची कोण?" जोडीदारणीने विचारलं. तिथली भाषा धाकटीला शाळेतल्या पुस्तकापुरती येत होती, पण हे समजलं.

"बहीण."

"बोल अजून काहीतरी."

"काय बोलू?"

जोडीदारणीने श्वास सोडला. "आवाज वेगळा आहे," ती म्हणाली. "चल, धर टोक."

धाकटीला काम शिकवावं लागलंच नाही. पहिल्याच चादरीला झटका बरोबर बसला, दुसरीलाही. जोडीदारीण तिच्या हातांकडे पाहत राहिली. धाकटीनेही पाहिलं. हे हात कुणी शिकवले होते? घरी ती आईबरोबर चादरींच्या घड्या घालायची, त्याचाच हा सराव, अशी तिने स्वतःची समजूत घातली. ती पुरली नाही.

हळूहळू दोघींचं जमलं. जोडीदारीण बोलकी निघाली. डब्यातला घास एकमेकींना द्यायचा, मुकादमबाईच्या चालीची नक्कल करायची, इथवर गाडी आली. एकदा डबा खाताना ती सहज म्हणाली, "तुझी बहीण गुरुवारी दुपारीच निघायची. बदली पाळी घेऊन. संध्याकाळी मी तिला बसमध्ये पाहायचे, केस ओले असायचे. विचारलं की नुसती हसायची."

धाकटीने हातातला घास डब्यात परत ठेवला. घरी तर सगळ्यांना माहीत होतं की गुरुवारी ताईला जादा काम असायचं, म्हणून यायला उशीर व्हायचा.

तिच्या मनात जे आलं, ते कुणाच्याही मनात आलं असतं. पुरुष. दुपारच्या वेळी, ओल्या केसांनी. ताईबद्दल असा विचार केला म्हणून तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेच्या बुडाशी ताईचा रागही होता. कारण कोट ताईचा, जागा ताईची, पोर ताईची, उद्या नवराही ताईचा. मग ताईने चोरून जे काही केलं, तेही आपल्याच माथी येणार का?

पुढच्या गुरुवारी तिने मुकादमबाईकडे अर्धा दिवस मागितला. कुठे जायचं ते तिला ठाऊक नव्हतं. ती बसमध्ये बसली आणि खिडकीला डोकं टेकून बसून राहिली. आपल्या घराचा थांबा गेला तरी उठली नाही. पुढे कारखान्यांची लांब भिंत लागली, मग शाळा, मग मोकळं मैदान. एका थांब्यावर कुणीच चढलं नाही की उतरलं नाही, पण बस हलेना. धाकटीने वर पाहिलं. ड्रायव्हर आरशातून तिच्याकडे पाहत होता.

"आज उतरायचं नाही?" त्याने विचारलं.

ती उतरली.

समोर एक बुटकी, लांबट इमारत होती. काचा आतून वाफेने धुरकटलेल्या. दार उघडलं तसा तोच वास अंगावर आला, कोटाच्या कॉलरचा. आत निळं पाणी होतं. झाकलेला, गरम हवेचा, हिरव्या फरशीचा पोहण्याचा तलाव. दोनचार बायका टोप्या घालून काठाला धरून पाय मारत होत्या.

गळ्यात शिट्टी अडकवलेली एक जाडजूड बाई वाफेतून पुढे आली. तिने डोळे बारीक केले आणि तिचा चेहरा एकदम फुलला. "आलीस! मला वाटलं, सोडलंस की काय! किती दिवस झाले?"

धाकटीने तोंड उघडलं. मी ती नाही, एवढंच म्हणायचं होतं. तेवढे शब्द तिला येत होते. पण गेले कित्येक दिवस ते म्हणून म्हणून ती थकली होती. आणि हेही खरं की एकदा, एकदाच, तिला पाहायचं होतं की ताई इथे काय करत होती.

"तुझा पोशाख जपून ठेवलाय हो," असं म्हणत बाईने कपाटातून गडद निळा, लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख काढून तिच्या हातात ठेवला.

तोही तिला बरोबर बसला.

पाणी कोमट होतं. कमरेएवढ्या पाण्यात आली, तेव्हा तिला वाटलं, हे काही अवघड नाही. शिकवणारी बाई काठाने चालत बोलत होती. अर्धं समजत होतं, अर्धं वाफेत विरत होतं. "मागच्या वेळी खोल बाजूपर्यंत गेली होतीस ना? जा, आठवेल. अंग विसरत नाही."

धाकटीला पोहता येत नव्हतं. तिला नदी, विहीर, समुद्र यातलं काहीही घोट्याच्या वर माहीत नव्हतं. तरी ती पुढे गेली. चादर धरताना हातांना आठवलं होतं, तसं पायांनाही आठवेल असं तिला त्या क्षणी खरोखर वाटलं. उतार संपला आणि पायाखालची फरशी नाहीशी झाली.

पायांना काहीही आठवलं नाही.

पाणी डोक्यावरून गेलं, आवाज बंद झाले. नाकातोंडात ती पावडर झोंबली. तिने डोळे उघडले. खाली निळ्यात कुणीतरी होतं. केस चेहऱ्याभोवती पसरलेले, बाह्या लांब, हात तिच्या दिशेने उचललेले. मग तिला मानेखाली एक तळवा जाणवला. लहानपणी ताई तिला न्हाऊ घालायची, तेव्हा डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून मान अशीच धरायची. तोच हात होता, याची तिला पुढे आयुष्यभर खात्री होती. फक्त एक गोष्ट तिला कधीच सांगता आली नाही, की तो हात तिला वर ढकलत होता की खाली ओढत होता.

शिकवणाऱ्या बाईने अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारून तिला बाहेर काढलं. काठावर पालथी पडून धाकटी खोकली, ओकली आणि श्वास मिळताच पहिली गोष्ट बोलली ती अशी: "मी ती नाही. ती मेली. मी तिची बहीण."

इतक्या दिवसांत ती मेली हे तिने मोठ्याने कधी म्हटलंच नव्हतं. घरात कुणीच म्हणत नव्हतं. सगळे 'गेली' म्हणायचे, जणू परत येण्याची सोय ठेवून.

बाई ओल्या कपड्यांत तिथेच फरशीवर बसली. 

"ती का शिकत होती?" धाकटीने विचारलं. "कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे?" बाईला प्रश्नच कळला नाही. "तिला आवडायचं. पाठीवर तरंगायला शिकली, त्या दिवशी इतकी हसली की तोंडात पाणी गेलं. पाण्यात फार हसायची तुझी बहीण."

धाकटीने ताईला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. माहेरी ताई थोरली होती, सासरी सून होती. तोंडावर हात ठेवून हसायची. बाकी काही नाही, एवढंच होतं, आठवड्यातल्या एका दुपारी पाण्यावर पाठ टेकून हसणं. आणि एवढ्याशासाठी खोटं बोलायला लागलं. कारण खरं सांगितलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता: कशाला?

धाकटी घरी पोचली तेव्हा भाऊजी स्वयंपाकघरात मोरीपाशी ग्रीसचे हात घासत होते. आजी भाजी निवडत होत्या. दार उघडलं आणि दोघांनी वर पाहिलं. तपकिरी कोट, ओले केस. आजींच्या हातातली जुडी खाली पडली. भाऊजी भिंतीला टेकले आणि तोंडातल्या तोंडात त्यांनी ताईचं नाव घेतलं.

"मी आहे," धाकटी म्हणाली. "मी पोहायच्या तलावावर गेले होते. ताई गुरुवारी तिथे जायची. जादा काम नव्हतं. पोहायला शिकत होती."

"पोहायला?" भाऊजी म्हणाले. "नुसतं पोहायला?"

"नुसतं पोहायला."

ते हळूहळू खाली बसले, साबणाचे हात तसेच पुढे धरून. बोलले ते धाकटीशी नव्हे, फरशीशी. "त्या सकाळी मी तिला विचारलं होतं. गुरुवारी केस ओले कसे, कोण आहे तो, म्हणून. चारदा विचारलं. ती काही बोलली नाही. माझ्याकडे फक्त बघितलं आणि कोट घालून निघाली. पाऊण तासाने मला फोन आला." त्यांनी साबणाचा हात फरशीवर टेकला. "मला वाटलं, माझ्या बोलण्यानेच शीर फुटली तिची. आणि मग वाटायचं, फुटली तर फुटली. असंही वाटायचं मला."

आजी रडत नव्हत्या. त्या निवडलेली भाजी पुन्हा निवडत होत्या. "एवढंच होतं तर सांगायचं की नाही," त्या म्हणाल्या. "कुणी खाल्लं असतं का तिला?"

"जाऊ दिलं असतंत, आजी?"

 खालून हवा भरायच्या यंत्राचा आवाज येत राहिला.

धाकटीला माहीत होतं, आज बोललो नाही तर पुन्हा धीर होणार नाही. ती उभीच राहून बोलली. "भाऊजी, तुम्ही चांगले आहात. पण मला तुमच्याशी लग्न करायचं नाही. तुम्ही माझ्याकडे बघता, तेव्हा माझ्या मागे कुणी आहे का ते शोधता. आजी, तुम्हीही. मी इथे राहिले तर थोड्या दिवसांनी मीही मागे वळून शोधायला लागेन."

"आणि ही पोर?" आजींचा आवाज चढला. "तिने काय करायचं? माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते काय उगाच?"

"तेच म्हणतेय मी. मावशी जगो म्हणतात ना? मग जगू द्या तिला. मावशीची माय करून मारू नका."

आजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ही कोण मुलगी घरात आलीय. भाऊजींनी मान वर केली आणि पहिल्यांदाच थेट तिच्या तोंडाकडे पाहिलं. "तिचं बरोबर आहे, आई," ते म्हणाले.

सगळं असं एका बोलण्यात सुटलं नाही. माहेरून फोनवर फोन आले. बाबा म्हणाले, लोकांना काय सांगू. आईने बोलणंच टाकलं. सातासमुद्रापलीकडे बसून उंटावरून शेळ्या हाकता येतात, तेवढ्या त्यांनी हाकल्या. मुकादमबाईने मालकाशी भांडून धाकटीचा कायमच्या कामाचा परवाना करवून घेतला. प्रेमापोटी नव्हे, तर रोलरवर तिच्यासारखे हात पुन्हा मिळाले नसते म्हणून. जोडीदारणीच्या घरातली मागची खोली रिकामी होती. खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि बंद न होणारा नळ. तपकिरी कोट धाकटीने खुंटीवर परत लावला आणि बाजारातून एक हिरवा, जरा ढगळ कोट आणला. रंग तिला शोभत नव्हता. पहिले काही दिवस पाववाल्याने तिला ओळखलंच नाही.

जायच्या आदल्या दुपारी तिने भिंगरीला समोर बसवलं. "नीट ऐक. तुझी आई मेली. मी तिची बहीण, तुझी मावशी. मी दुसऱ्या घरात राहायला चाललेय, दर रविवारी येणार."

भिंगरी गरगर फिरली नाही. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "तू आई नाहीस. आई त्या खोलीत असते." मग बोटाने सतरंजीचा दोरा ओढत तिने विचारलं, "तू गेलीस की ती पण जाईल?"

धाकटीला खोटं बोलवेना. "माहीत नाही गं."

पहिले तीन रविवार भिंगरी तिच्याशी बोलली नाही. पलंगाखाली जाऊन बसायची. धाकटी पलंगाशेजारी जमिनीवर बसून लॉन्ड्रीतल्या गमती सांगायची, मुकादमबाई चादरीत गुंडाळली गेली, वगैरे, अर्ध्या खऱ्या, अर्ध्या रचलेल्या. चौथ्या रविवारी पलंगाखालून आवाज आला, "मावशी, मग ती रोलरमध्ये गेली का?" धाकटीने तोंड फिरवून डोळे पुसले आणि सांगितलं, "थोडक्यात वाचली."

पंचा त्यानंतर ओला सापडला नाही, असं आजी सांगत. खिडकीजवळही कुणी उभं दिसत नाही, असं भिंगरीही म्हणाली. धाकटीने ऐकून घेतलं. तिच्या नव्या खोलीत, पाळी संपवून दुपारी ती पडली की कधी कधी कूस बदलताना गादीची दुसरी बाजू खोलगट झालेली वाटायची. ती हात लावून पाहायची नाही. "झोप गं," एवढं पुटपुटायची आणि भिंतीकडे सरकून जागा करून द्यायची. हे तिने कुणाला सांगितलं नाही. पोहायला मात्र ती पहिल्यापासून शिकली, उथळ बाजूने, लहान मुलांच्या रांगेत उभी राहून. पाठीवर तरंगायला तिला सगळ्यांपेक्षा जास्त दिवस लागले.

वर्षं गेली. भाऊजींनी पुढे एका शांत बाईशी लग्न केलं आणि ते ठीक चाललं. आजी वारल्या. त्याआधी त्यांनी धाकटीला बोलावून घेतलं होतं, आणि तिचा हात उशाशी धरून ठेवला होता. भिंगरी उंच झाली, वाद घालायला लागली. धाकटी आता रोलरवरच्या नवीन मुलींना शिकवायची. त्या तिच्या मागे तिची नक्कल करत, हे तिला ठाऊक होतं.

एकोणतीस पुरी झाल्यावर थोड्याच दिवसांत परवान्यासाठी तिला नवे फोटो काढावे लागले. दुकानातल्या मुलीने चार छोटे फोटो कापून हातात ठेवले. धाकटी रस्त्यातच थांबून ते पाहत राहिली. डोळ्यांखाली जरा भर आली होती, जिवणीच्या कडांना दोन बारीक रेघा पडल्या होत्या. या वयाची ताई कधी झालीच नव्हती. आजवर आरशात पाहिलं की पुढची वाट कुणीतरी आधीच चालून गेल्यासारखी दिसायची. आता समोर कुणी नव्हतं. त्या दिवशी दुपारी ती पडली, तेव्हा गादीची दुसरी बाजू सपाट होती. तिने पहिल्यांदाच हात फिरवून पाहिलं. मग बराच वेळ छताकडे पाहत पडून राहिली. इतकं एकटं तिला या देशात उतरली तेव्हाही वाटलं नव्हतं.

एक फोटो तिने घरी पाठवला. आईचं बोलणं कधीच सुरू झालेलं होतं, पण नावाची गल्लत अजूनही सुटली नव्हती. दर फोनला एकदा तरी ताई म्हणून हाक यायची. या वेळी फोन आला, तेव्हा आईने ती हाक मारली नाही.

"फोटो मिळाला," ती म्हणाली. "चष्मा लावून बघितला, खिडकीत नेऊन बघितला. अगं, तू कुणावर गेलीस गं?"

धाकटी फोन कानाशी धरूनच खिडकीपाशी गेली. खाली रस्त्यावरून भिंगरी हाका मारत होती, त्यांना कुठेतरी जायचं होतं.